ट्यूब झाडापासून किती लांब टांगायची? अंतर अर्धं केलं तर उजेड चौपट व्हायला हवा ना?

बाल्कनीवाला_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला राहतो, तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी. पूर्वी सकाळचं ऊन आठपासून पार अकरापर्यंत यायचं, तुळस, गवती चहा, पुदिना, मिरची, टोमॅटो सगळं मजेत होतं. आता समोरची चार मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे बारा मजली टॉवर आला, त्यामुळे ऊन बंद. तुळस नुसती लांबोळकी वाढतेय, दोन पानांत बोटभर अंतर, मिरचीला फुलं येतात नि गळून जातात, टोमॅटोचं तर विचारूच नका.

म्हणून भिंतीलगतच्या रॅकवर चार फुटी एलईडी ट्यूब लावली, साधी पांढरी, २० वॅटची, आपण हॉलमध्ये लावतो तीच. दुकानदार म्हणाला झाडापासून दोन फूट ठेवा. मुलगी अकरावी सायन्सला आहे, ती म्हणाली बाबा व्यस्त वर्गाचा नियम आहे, अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, म्हणजे एका फुटावर आणा, चौपट उजेड, चौपट प्रकाशसंश्लेषण, विषय संपला. आमचे मेहुणे त्याच्याही पुढे, ते म्हणतात मग तुम्ही वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्यायला हवा होता, तिथे सूर्य जवळ पडतो.

मग एका रात्री बाकीचे सगळे दिवे घालवून फोनच्या लक्स मीटर ॲपने (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मोजलं. ट्यूबच्या मधोमध, बरोबर खाली, १५ सेंमीवर ५२०० लक्स, ३० वर २५००, ६० वर १०६० आणि १२० वर ३४०. चौपटीचा हिशोब कुठेच बसत नाही, जवळ तर नुसतं दुप्पटच होतंय. मुलगी म्हणते फोन भंगार आहे. पण तिचं स्वतःचं कॉलेजात हायड्रिलाचे (पाण्यातली वनस्पती, उजेडात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते) बुडबुडे मोजायचं प्रॅक्टिकल झालं त्यातही बल्ब ४० वरून २० सेंमीवर आणला तेव्हा बुडबुडे वाढले पण चौपट नाहीत, आणि १० वर आणला तर जवळपास तेवढेच राहिले. मग नियम चुकीचा की आम्ही? आणि मुद्द्याचं म्हणजे ट्यूब टांगू कुठे?


तिरकस_सदाशिव

ब्रोशरमध्ये त्या टॉवरचं नाव नक्की 'ग्रीन' काहीतरी असणार. बाकी मेहुण्यांना सांगा सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे, तिसऱ्या मजल्यावरून बाराव्यावर गेलात तर त्यातले तीसेक मीटर वाचतात. आणि जवळ असण्याचंच म्हणत असतील तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटरने, तरी उजेडात फरक सात टक्क्यांच्या आसपासच पडतो. वरच्या मजल्याला फायदा होतो तो आकाश जास्त दिसतं म्हणून. तेवढं कबूल, फ्लॅटचे रेट कबूल नाहीत.


वायरमन_कम_माळी

फोन भंगार नाही, तुमच्या मुलीचा नियमही बरोबर आहे, फक्त तो तुमच्या ट्यूबला लागू करायची घाई झाली. व्यस्त वर्गाचा नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे. म्हणजे दिव्याच्या आकारापेक्षा अंतर बरंच मोठं हवं, लायटिंगवाले ढोबळ मानाने पाचपट धरतात. तुमची ट्यूब चार फूट लांब, म्हणजे वीस फुटांवर गेलात तर ती बिंदूसारखी वागणार, आणि तुम्ही मोजताय अर्ध्या फुटावर. तिथे पानाला ट्यूब एखाद्या न संपणाऱ्या रेघेसारखी दिसते, आणि रेघेचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होत नाही, नुसत्या अंतराने कमी होतो. अंतर दुप्पट, उजेड निम्मा.

आता तुमचेच आकडे बघा किती छान आलेत. १५ ते ३० मध्ये ५२०० चे २५००, म्हणजे निम्म्याला जरा कमी. ३० ते ६० मध्ये २५०० चे १०६०, म्हणजे निम्म्याहून बरंच कमी. ६० ते १२० मध्ये एक तृतीयांशाच्याही खाली. जसजसे लांब जाताय तसतशी ट्यूब बिंदूकडे सरकतेय आणि निम्म्यावरून पाव भागाकडे आकडा चाललाय. मी तर म्हणेन कॉलेजच्या प्रॅक्टिकलपेक्षा हे तुमचं रॅकवरचं मोजमाप भारी आहे, मुलीला ग्राफ काढायला सांगा.

मोठं चौकोनी पॅनल असतं त्याचं आणखी वेगळं, दोन बाय दोनच्या पॅनलखाली १० सेंमी नि २० सेंमीत फारसा फरकच पडत नाही. उलट तीन-चार इंची बल्ब असेल तर दीड-दोन फुटांपासून पुढे नियम अगदी पुस्तकाप्रमाणे चालतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. फोनचा सेन्सर स्क्रीनच्या बाजूला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, त्यामुळे स्क्रीन दिव्याकडे करून मोजा, अंगाची सावली पडू देऊ नका. दोन फोन दोन आकडे दाखवतात, त्यामुळे आकड्यावर फार विसंबू नका पण एकाच फोनवरच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर बऱ्यापैकी खरं असतं. आणि लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे, डोळ्याला हिरवट-पिवळा जास्त उजळ दिसतो, लाल-निळा कमी. त्यामुळे ते जांभळे-गुलाबी ग्रो लाईट मिळतात ना, त्यांच्याखाली लक्स फारच कमी दाखवेल आणि झाडाला मात्र व्यवस्थित मिळत असेल. तुमची पांढरी ट्यूब आहे म्हणून निभावतं.


बाल्कनीवाला_कर्वेनगर

वा, हे कळलं. म्हणजे १५ सेंमीवर आणली तर दोन फुटांच्या पाचपट उजेड, इथपर्यंत ठीक. पण मग पुढचं, उजेड पाचपट म्हणजे वाढ पाचपट का?


बायोची_मॅडम

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, हा घोळ दरवर्षी होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

उजेड झाडाच्या हिशोबात मोजायचा तर लक्स सोडून द्यावं लागतं. झाड प्रकाशाचे कण मोजतं, ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, आणि एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल कण पडतात हे त्याचं माप (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). पुण्यातलं भर दुपारचं ऊन म्हणजे एक लाख लक्सच्या आसपास, तेच या मापात साधारण २०००. उन्हाच्या लक्सला ५४ ने भागायचं आणि पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ढोबळ ७० ने. मग तुमच्या ट्यूबचे आकडे असे होतात, १५ सेंमीवर ७४, ३० वर ३६, ६० वर १५, १२० वर ५. आता २००० च्या शेजारी हे आकडे ठेवून बघा. आपल्याला ट्यूबखाली लखलखाट वाटतो कारण डोळा जुळवून घेतो, पान काही जुळवून घेत नाही.

झाड चोवीस तास श्वसन करतं, म्हणजे साखर जाळत असतं. उजेड इतका असावा लागतो की बनवलेली साखर आणि जाळलेली साखर निदान सारखी होईल. तिथे झाड ना वाढतं ना खंगतं, त्याला प्रकाश भरपाई बिंदू म्हणतात. सावलीतल्या झाडांचा हा बिंदू फार खाली, एक ते पाच मायक्रोमोलपर्यंत असतो, उन्हातल्या झाडांचा दहा-वीसच्या घरात. तुळशीचा आपण १० धरू, हिशोबापुरता. दोन फुटांवर तिला मिळतात १५, त्यातले दहा बरोबरी करण्यात गेले, वरचे पाच वाढीला. एका फुटावर मिळतात ३६, वरचे उरतात २६. म्हणजे उजेड वाढला अडीचपट पण वाढीला उरलेला हिस्सा वाढला पाचपट! १५ सेंमीवर ६४ उरतात, म्हणजे जवळजवळ तेरापट. तेव्हा मुलीचं 'चौपट उजेड म्हणजे चौपट प्रकाशसंश्लेषण' हे तुमच्या रॅकवर उलट कमीच पडतं, तळाशी असताना थोडासा उजेडही फार मोठं काम करतो. चार फुटांवर ठेवलीत तर ५ मायक्रोमोल, तिथे तुळस दिवे लागलेले असतानासुद्धा स्वतःचीच साठवण खात बसणार. रात्रीचं श्वसन आणखी वेगळं, ते यात धरलेलंच नाही.

आता वरचं टोक. उजेड वाढवत गेलं की एका जागी वेग वाढायचा थांबतो. चार जणी पोळ्या लाटायला बसल्या तरी तवा एकच असेल तर पोळ्या तव्याच्याच वेगाने होणार, तसं. उजेड भरपूर झाला की अडतं ते कार्बन डायऑक्साइडवर नाहीतर तापमानावर. ब्लॅकमन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये हेच मांडलं, सगळ्यात कमी जे असेल ते वेग ठरवतं. सावलीतल्या झाडाचं पान १००-२०० मायक्रोमोललाच भरून पावतं, टोमॅटो-मिरचीसारख्यांचं पाचशे ते हजारच्या दरम्यान कुठेतरी. ऊस, मका, ज्वारी यांची मात्र यंत्रणाच वेगळी, ती पूर्ण उन्हातही सहसा थकत नाहीत.

आणि हायड्रिलाचं. मुलीला सांगा तिचा प्रयोग फसला नाही, उलट बरोबर हेच दिसलं. १० सेंमीवर बुडबुडे वाढले नाहीत कारण तिथे उजेड पुरून उरला आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी पडला. बीकरमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकून पुन्हा करायला सांगा, ग्राफ वर सरकतो की नाही बघा. दुसरं, कॉलेजात अजून पिवळा बल्ब वापरत असतील तर त्याची वीज नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेतच जाते, १० सेंमीवर पाणी तापतं, म्हणजे तुम्ही उजेड आणि तापमान दोन्ही एकदम बदलताय. बल्ब नि बीकरच्या मध्ये पाण्याने भरलेला काचेचा चपटा डबा उभा करा. तिसरं, खिडकी उघडी असेल तर तो उजेड सगळ्या अंतरांना सारखाच मिसळतो आणि लांबचे आकडे फुगतात. पडदा लावा. चौथं, बल्ब सरकवल्या सरकवल्या मोजायला बसू नका, पाचेक मिनिटं थांबा.

अंतर कुठून मोजलं हेही विचारा. मुलं बल्बच्या कडेपासून बीकरच्या काचेपर्यंत मोजतात, फांदी असते दोन सेंमी आत. ४० ला दोन सेंमीची चूक म्हणजे उजेडात दहा टक्क्यांच्या आत फरक, १० ला तीच चूक म्हणजे तीस टक्के उजेड कमी. जवळचा आकडा गडबडतो त्याचं अर्धं कारण हेच असतं.

जाता जाता, आपले जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावर काम केलं तेही या हायड्रिलावरच, बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारं यंत्र बनवून. आमच्या मुलांना हायड्रिला म्हणजे प्रॅक्टिकलचा कंटाळा एवढंच माहीत.


तिरकस_सदाशिव

मॅडम, तुम्ही शिकवायला असता तर मी कॉमर्सला गेलो नसतो.


कोपऱ्यातली_कुंडी

मॅडमनी सायन्स सांगितलं, मी जरा कुंड्यांचं बोलते. दादा, ट्यूबच्या नादात बाल्कनी विसरू नका. तुमचं थेट ऊन गेलं, आकाश गेलेलं नाही. दुपारी कठड्यावर किती लक्स येतात आणि रॅकवर किती येतात ते मोजा आणि इथे टाका. आणि दुपारी चारला पण मोजा, मला एक शंका आहे.


बाल्कनीवाला_कर्वेनगर

मोजलं ताई. दुपारी बाराला कठड्यावर २८००, रॅकवर जेमतेम ६००, अंतर दीड मीटरसुद्धा नाही. आणि चार वाजता कठड्यावर ४५००! हे कसं काय, ऊन तर मागच्या बाजूला असतं तेव्हा.


कोपऱ्यातली_कुंडी

हीच शंका होती. तुमची बाल्कनी पूर्वेला म्हणजे टॉवरची तुमच्याकडची भिंत पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन त्या भिंतीवर आपटतं आणि परत तुमच्याकडे येतं. रंग पांढरा किंवा क्रीम असणार. सकाळचं नेलं त्यातलं थोडं संध्याकाळी परत करतोय टॉवर, घ्या पदरात पाडून.

रॅकवर पाचवा हिस्सा का उरतो तर तिथून आकाश दिसतच नाही. खिडकीला वर्गाचा नियम लावत बसू नका, पानाच्या जागी डोळा नेऊन बघायचं, किती आकाश दिसतं? जेवढं आकाश तेवढा उजेड. कठड्याशी वाकून बघितलं तर टॉवरच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून आकाशाची पट्टी दिसत असेल, रॅकपाशी वरच्या बाल्कनीचा स्लॅब तेही झाकतो. म्हणून उन्हाची झाडं कठड्यावर लोखंडी स्टँड लावून, रॅकवर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी अशी मंडळी.

दिवसभराची बेरीज करायची असेल तर मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६, म्हणजे एका दिवसात एका चौरस मीटरला किती मोल मिळाले ते येतं. कठड्यावर सरासरी ३००० लक्स धरून दहा तासांचे होतात साधारण २ मोल. रॅकवर नुसत्या आकाशाचे अर्धा मोलही नाही. ट्यूब १५ सेंमीवर १४ तास चालवली तर पावणेचारच्या आसपास. म्हणजे रॅकवर ट्यूब धरून सव्वाचार एक मोल. घरातल्या पानाफुलांच्या झाडांना चार-सहा पुरतात, पालेभाज्यांना बारा-पंधरा लागतात, टोमॅटोला वीस ते तीस. उन्हाळ्यात पुण्यात उघड्या गच्चीवर चाळीसच्या पुढे मिळतात. तेव्हा स्पष्टच सांगते, टोमॅटो विसरा. एका ट्यूबवर टोमॅटो काढणं म्हणजे मंडईतून आणण्यापेक्षा महाग पडेल, आणि येणारही नाहीत. मिरचीसुद्धा कुणाच्या गच्चीवर द्या.

तुळशीसाठी दोन ट्यूब शेजारी शेजारी लावा, १५ सेंमीवर, सहाच्या पुढे मोल मिळतात. झुडूप होणार नाही पण ताठ राहील. शेंडे खुडत राहा म्हणजे ट्यूबला टेकणार नाही, आणि ट्यूब साखळीवर टांगा, झाड वाढेल तशी वर घेता येते. एलईडी फार तापत नाही त्यामुळे १५ सेंमीला पान भाजायची भीती नाही. अजून एक, ट्यूबच्या टोकाखाली मधल्यापेक्षा जवळपास निम्माच उजेड असतो, तेव्हा तुळस, पुदिना मध्ये आणि मनी प्लांट कडेला. रॅकच्या मागे पांढरा सनबोर्ड लावला तर आणखी थोडं वाढतं. चांदीची पन्नी वगैरे भानगड नको, पांढरा बरा.

आणि पाणी कमी करा हो! उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी पितं, लोक ऊन असतानाच्या सवयीने तांब्याभर घालतात आणि मुळं कुजतात, मग उजेडाच्या नावाने ओरडतात.


सहकारनगर_दक्षिण

विषयात घुसतोय, माफ करा. आमची दक्षिणेची बाल्कनी, समोर काहीच नाही, मोकळं मैदान. तरी डिसेंबरमध्ये ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं आणि मेमध्ये, जेव्हा बाहेर जीव जातोय उन्हाने, तेव्हा बाल्कनीत ऊनच नाही. गुलाब हिवाळ्यात फुलतो, मे-जूनमध्ये नुसती पानं. हे टॉवर बिवर काही नसताना का?


वायरमन_कम_माळी

कारण मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, पेपरात दरवर्षी फोटो येतात बघा बाटलीची सावली गायब झाल्याचे. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, मग पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे म्हणून हे होतं. त्या अडीच महिन्यांत सूर्य दिवसभरच आकाशाच्या उत्तर भागात फिरतो, दक्षिणेच्या बाल्कनीला थेट ऊन मिळायचा प्रश्नच नाही. डिसेंबरमध्ये मात्र भर दुपारीही तो ४८ अंशांवर असतो, तिरका, म्हणून सोफ्यापर्यंत येतो. उत्तरेची बाल्कनी असलेल्यांना जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन मिळतं ते त्यामुळेच, पण तेव्हा ढग. एप्रिलच्या शेवटी गुलाब गच्चीवर हलवा, ऑक्टोबरात खाली आणा, वॉचमनशी संबंध चांगले ठेवा.


सासवडचा_शेवंतीवाला

राम राम. सगळं वाचलं, मॅडम चांगलं सांगत्यात. पण शहरातल्या मंडळींचा एक गैरसमज कायम ऐकतो तो सांगतो. रात्री हायवेनं जाताना लांबवर शेतात बल्बच्या माळा दिसत्यात, मग पाहुणे विचारत्यात काय राव रात्री पण पिकाला ऊन देता का. ते उजेड खाण्यासाठी नसतंय. ड्रॅगन फ्रूटवाले थंडीत रात्री काही तास बल्ब लावत्यात, त्याला लांब दिवस पाहिजे फुलायला, रात्र मधी तोडली की झाडाला वाटतंय दिवस मोठाय, मग अवेळी कळी धरतंय. शेवंतीचं बरोबर उलटं, तिला रात्र मोठी लागती, पॉलीहाऊसवाले फुटवा वाढवायचा असतोय तोवर रात्री दिवा लावून कळी धरू देत नाहीत, नि मग बंद करत्यात. त्याला उजेड लागतोय किरकोळ, मॅडमच्या हिशोबात एक-दोन मायक्रोमोल असंल, त्यात साखर किती बनणार?

तवा बाल्कनीवाल्या दादांनी शेवंतीची कुंडी त्या रॅकवर ठेवली आणि ट्यूब चौदा तास चालू ठेवली तर पानं होतील, फूल दिसायचं नाही. रस्त्यावरच्या दिव्याखालच्या शेवंतीचं पण तसंच होतंय.

दुसरं, सावलीच्या जाळीचं. सोलापूर रोडला नर्सऱ्यांत सगळीकडं हिरवी जाळी बघता, पन्नास टक्केवाली. लोक म्हणत्यात निम्मं ऊन घालवलं म्हणजे वाढ निम्मी. तसं नाही होत. दोन हजारातलं हजार राहिलं तरी बऱ्याच रोपांना पुरून उरतंय, वर पाणी कमी उडतंय, पान करपत नाही. फक्त तिथलं रोप आणून एकदम मेच्या उन्हात ठेवू नका, आठवडाभर सावली-ऊन करत सवय लावा. उसाला मात्र जाळी लावायला जाऊ नका, त्याला जेवढं ऊन तेवढं थोडंच.


बायोची_मॅडम

शेवंतीवाले दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मुलं प्रकाशसंश्लेषण आणि दिवसाची लांबी ओळखणं हे एकाच खात्यात टाकतात. पानातलं रंगद्रव्यच वेगळं, एकाला हरितद्रव्य, दुसऱ्याला फायटोक्रोम, आणि फायटोक्रोमला खरंच अगदी थोडा उजेड पुरतो.


बाल्कनीवाला_कर्वेनगर

मंडळी मुलगीच लिहितेय आता, बाबांच्या अकाउंटवरून. मॅडम, मी हायड्रिलाचा ग्राफ अंतर विरुद्ध बुडबुडे असा काढला होता, तो खाली वाकत वाकत जातो, त्यातून काहीच कळत नाही. सरांनी तसाच काढायला सांगितला होता. आणि बुडबुडे लहान-मोठे येतात, मोठ्याला एक मोजायचा का?


बायोची_मॅडम

खालच्या अक्षावर अंतर न घेता एक भागिले अंतराचा वर्ग घे बाळा. ४० सेंमीचं १ धरलं तर ३० चं पावणेदोनच्या आसपास, २० चं ४ आणि १० चं १६. मग सुरुवातीला सरळ रेघ येईल आणि जिथे ती आडवी व्हायला लागते तिथे उजेडाचं काम संपून दुसऱ्या कशाचं तरी अडणं सुरू झालं, हे डोळ्यांनी दिसेल. २० आणि १० च्या मध्ये मोठी मोकळी जागा राहते म्हणून १२ आणि १५ सेंमीलाही मोज, खरी गंमत तिथेच आहे. तुझा बल्ब लहान आहे म्हणून हा वर्ग चालतो, बाबांच्या ट्यूबला चालणार नाही, ते वायरमन दादांनी सांगितलंच आहे वर.

बुडबुडे मोजण्यापेक्षा वायू साठव. फांद्या नरसाळ्याखाली आणि वर पाण्याने भरलेली उलटी परीक्षानळी हे तुमच्याकडे असतंच, नळीवर मिलिमीटरचा कागद चिकटव आणि प्रत्येक अंतराला सारखाच वेळ देऊन पाणी किती खाली गेलं ते वाच. फांदीचा देठ ताजा तिरका काप, कापलेलं टोक वरच्या बाजूला ठेव, नाहीतर बुडबुडे बाहेर पडायला जागा शोधत बसतात. ताजी हायड्रिला एखाद्या ॲक्वेरियमवाल्याकडे मिळेल, पिवळी पडलेली घेऊ नकोस.


बाल्कनीवाला_कर्वेनगर

बाबा परत आले. दोन ट्यूब, १५ सेंमी, साखळीवर, तुळस-पुदिना मधे, बाकी सावलीवाले कडेला, मिरची नि गवती चहा कठड्यावर, टोमॅटो मेहुण्यांच्या गच्चीवर. ते पाचव्या मजल्यावर राहतात, सूर्याच्या जवळ, सांभाळतील. एकच राहिलं, ट्यूब चोवीस तास चालू ठेवली तर मोल आणखी वाढतील ना? बिल फार येणार नाही असं दिसतंय.


वायरमन_कम_माळी

बिलाचं म्हणाल तर २० वॅटच्या एका ट्यूबला चौदा तासांचे महिन्याला आठ-साडेआठ युनिट, दोन ट्यूबना दुप्पट. चोवीस तासांनी मोल वाढतील, पण टोमॅटोसारख्या काही झाडांची पानं सततच्या उजेडात पिवळी पडतात आणि शेवंतीचं तर वर आलंच आहे. चौदा, फार तर सोळा तास. प्लगमध्ये बसणारा टायमर घ्या, सकाळी सहा ते रात्री आठ लावून टाका, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो.


कोपऱ्यातली_कुंडी

आणि ट्यूबवरची धूळ पुसत जा महिन्यातून एकदा, पानांवरचीही. समोर बांधकाम झालंय म्हणजे सिमेंटचा थर असणारच.